मदत हवी आहे: आधीच्या मालकाने कॅट (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) काढलेली टर्बो पेट्रोल गाडी मूळ स्थितीत आणायची आहे

घाटवाट (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. जरा लांबलंय, पण अडकलोय म्हणून सगळं लिहितो.

दिवाळीनंतर २०१८ ची ऑक्टाव्हिया आरएस घेतली, सेकंड हँड, बीएस ४. कित्येक वर्षं हीच गाडी डोक्यात होती. "स्टेज २ केलेली आहे," असं विकणाऱ्यांनी अभिमानाने सांगितलं होतं. डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बदललाय आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) रिमॅप केलाय, म्हणजे ताकदीसाठी त्याचा प्रोग्रॅम बदललाय, इतकाच अर्थ मी घेतला. डाउनपाइपमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, अख्खाच काढून टाकलाय का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सोबत मिळालेलं पीयूसी चालू तारखेचं होतं, म्हणून मी निर्धास्त.

गाडी ताम्हिणीत अशी पळते की काय सांगू. पण आम्ही राहतो पुण्यात, आणि सोसायटीचं पार्किंग बेसमेंटमध्ये आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की उग्र वास कोंडून राहतो. मुलगी सहा वर्षांची आहे, सिग्नलला थांबलो की म्हणते, "बाबा, मळमळतंय." आमच्या वॉचमनकाकांची खुर्ची रॅम्पच्या तोंडाशी असते. परवा ते संकोचून म्हणाले, "साहेब, तुमची गाडी निघाली की डोळे चुरचुरतात." तेव्हापासून गाडी सुरू करताना मला लाज वाटते.

पीयूसी संपलं म्हणून तपासायला नेली. आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.६१ टक्के (मर्यादा ०.३), २,५०० आरपीएमला ०.५५ (मर्यादा ०.२). एचसी (न जळलेलं इंधन) १८०, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) १.०१. नापास. "गाडी आणायची गरज नाही, नंबर पाठवा, काम होईल," असंही तिथे ऐकवलं गेलं. मला तसलं पीयूसी नको आहे. रॅम्पवर चढवून पाहिलं तर कॅटच्या जागी सरळ पाइप, आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरला कॅट नसल्याचं कळू नये म्हणून स्पेसर लावलेला.

कायदाही वाचला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही. कलम १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय कलम १९०(२) खाली १०,००० पर्यंत दंड आणि ३ महिने लायसन्सला मुकायचं. काम माझं नसलं तरी आरसी बुकावर नाव आता माझं आहे.

नवा कॅट असलेला मूळ डाउनपाइप दीड लाखाच्या पुढे सांगतायत. २०० सेलचा स्पोर्ट्स कॅट बराच स्वस्त आहे, तो चालेल का? कॅट बसवून आत्ताचा मॅप तसाच ठेवता येईल का? आणि विमा कंपनीला काही कळवावं लागेल का?

दोन_नंबर_पाना:

तुमच्या रीडिंगमध्येच निदान आहे. लॅम्डा १ च्या जवळ, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण नीट आहे. तरी सीओ एवढा, कारण इंजिनातून बाहेर पडल्यावर त्याचं रूपांतर करणारं काही उरलेलंच नाही. इंजिन उघडायला सांगणारा कोणी भेटला तर सरळ नाही म्हणा.

मॅप अजिबात तसाच ठेवू नका. तो मोकळ्या पाइपसाठी लिहिलेला असतो. मूळ कॅट बसवलात की कॅटच्या आधी दाब तुंबतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि दीड लाखाच्या कॅटमधली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळते. आधी स्टॉक, म्हणजे कंपनीचा मूळ मॅप टाकून घ्या. अशा मॅपमध्ये पी०४२० हा कॅट नीट काम करत नसल्याचा कोड बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमधूनच बंद केलेला असतो, तोही परत जागा होईल. स्पेसर काढायला विसरू नका. नवा कॅट लावण्याआधी प्लग आणि कॉइल तपासा. मिसफायर (ठिणगी चुकणं) असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं.

२०० सेल म्हणजे चौरस इंचाला २०० छिद्रं. जाळी विरळ, म्हणजे वायूला लागणारा पृष्ठभाग कमी. गरम इंजिनावर पीयूसी निघेलही, पण सकाळच्या बेसमेंटसाठी तुम्हाला जे हवंय ते मूळ कॅटच नीट देईल. कॅट २५०-३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही, म्हणून पहिला मिनिटभर वास थोडा राहीलच. भिंतीकडे एक्झॉस्ट करून उभी करू नका, आणि सुरू केली की हळू बाहेर काढा.

काम झाल्यावर ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले कोड वाचणारं यंत्र) कॅटॅलिस्ट मॉनिटर, म्हणजे कॅटची स्वतःहून होणारी तपासणी, 'रेडी' दिसेपर्यंत चालवा. रेडी आहे आणि कोड नाही, तर काम खरंच झालं. विम्याचं म्हणाल तर कंपनीला लेखी विचारा, आणि कॅट आणि मॅपची बिलं जपून ठेवा.

श्वाबेनकर:

मी जर्मनीत असतो. इथे असा बदल केला की गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगीच संपते. डिझेलवाले काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा डबा जागेवर ठेवून आतलं काढून टाकायचे. जुन्या धुराच्या चाचणीत ते निभावून जायचं. १ जुलै २०२३ पासून युरो ६ डिझेलच्या धुरातले कण मोजतात, घनसेंटिमीटरला २,५०,००० ची मर्यादा. रिकामा डबा तिथे लगेच सापडतो. तुम्ही स्वतःहून परत बसवताय, मनापासून बरं वाटलं.

घाटवाट:

दोघांचेही आभार. स्पोर्ट्स कॅटचा विचार सोडला. स्टॉक मॅपची वेळ शनिवारची घेतली आहे. ताकद कमी होईल, होऊ दे.

आधीच्या मालकांना फोन केला होता. मूळ डाउनपाइप त्यांनी भंगारात विकला. आतल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमला भाव मिळतो म्हणे. म्हणून शेवटची विनंती: तुमच्यापैकी कोणी स्टेज २ करून मूळ डाउनपाइप माळ्यावर ठेवला असेल, आतली जाळी शाबूत असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी कुठेही न्यायला येईन, कोल्हापूर, नाशिक, पणजी. पार्ट नंबर जुळतो का ते आधी फोटोवर बघू.