जुनी आलिशान सात आसनी एसयूव्ही खेड्यात पोसणे कितपत परवडते?

दारव्हेकर
नमस्कार मंडळी. आमचे गाव दारव्हा तालुक्यात असून घरात वडीलधारी धरून सात माणसे आहेत. नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडे जर्मन कंपनीची २०१२ ची डिझेल एसयूव्ही पाहून आलो आहे: तीन लिटरचे व्ही-सिक्स इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, एअर सस्पेन्शन, सनरूफ, दिल्ली पासिंग, आणि मीटरवर लाखाच्या आत किलोमीटर. नवी असताना साठ लाखांच्या वर असलेली ही गाडी आज नव्या, साध्या सात आसनी गाडीपेक्षाही कमी पैशांत मिळते आहे. थोरले बंधू म्हणतात, दारात हत्ती बांधणे सोपे, त्याला चारा घालणे कठीण. नागपूर आमच्यापासून तीन-चार तासांच्या वाटेवर आहे आणि त्याअलीकडे या कंपनीचे काम करणारे कोणी माहीत नाही. अशा ठिकाणी ही गाडी ठेवल्यास नेमका कशाकशाचा खर्च निघतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गॅरेजवाला, अमरावती
दारव्हेकर भाऊ, या वयाच्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून गाडी न पाहताही काही गोष्टी खात्रीने सांगू शकतो.

सर्वांत आधी एअर सस्पेन्शन पाहा. यात स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या, म्हणजे बेलो, असतात आणि रबर किलोमीटरने नव्हे, वयाने व उन्हाने चिरते. चंद्रपूर-नागपूरकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तर लवकरच. संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करा, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेवा, आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. एखादा कोपरा दोन बोटे खाली बसला असेल, तर तिथून हवा जाते आहे. गळती बारीक असली तरी ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. मग एका बेलोचे काम पाच आकड्यांतून सहा आकड्यांत जाते. बाहेरच्या कंपन्यांचे बेलो स्वस्तात मिळतात, पण ते किती टिकतील हे नशिबावर असते.

दुसरी गोष्ट, सकाळचे पहिले स्टार्टिंग स्वतःच्या कानांनी ऐका. काही व्ही-सिक्स डिझेल इंजिनांत टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे इंजिनच्या पाठीमागे असते. थंड इंजिन सुरू होताना मागून क्षणभर खडखड आली, तर चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर सैल झाल्याचा संशय घ्यावा. तिथे पार्टच्या किमतीपेक्षा तो बदलण्यासाठी इंजिन उतरवण्याची मजुरीच जड जाते. हा आवाज लपावा म्हणून व्यापारी गाडी आधीच गरम करून ठेवतात. बॉनेटवर हात ठेवला की ते कळते.

गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ असते असे कोणी सांगितले, तर ते मनावर घेऊ नका. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. त्यांच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये खालचा चेंबर प्लास्टिकचा असून फिल्टर त्यातच बसवलेला असतो, त्यामुळे तेलासोबत पूर्ण चेंबर बदलावा लागतो. या कामाचे बिल जुन्या कागदांत दिसत नसेल, तर तो खर्च तुमच्याच माथी आला असे समजून भावात धरा.

सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. गाडी कडुनिंबाखाली उभी राहत असेल, तर त्या पानांनी तुंबतात आणि पावसाचे पाणी आत उतरून कार्पेटखाली साचते. नेमकी तिथेच वायरिंगची जोडणी आणि काही गाड्यांत कंट्रोल मॉड्यूलही असतात. पुढच्या सीटजवळचे कार्पेट उचलून खालचा फोम बोटाने दाबून पाहा. तो ओला असेल, तर बाकी काही तपासण्याच्या फंदात पडू नका.

पॉलिसीवाले, अकोला
कागदांविषयी थोडे लिहितो. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंधने आली, म्हणूनच अशा गाड्या इकडे स्वस्तात येतात. स्वस्ताईचे कारण दर वेळी बिघाडच असते असे नाही. मात्र दिल्लीच्या आरटीओची एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यास हरकत नसल्याचा दाखला) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, आणि यवतमाळला एमएच-२९ चे पासिंग करताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो सौद्याच्या किमतीत मिळवूनच हिशेब करावा. शिवाय पंधरा वर्षांची नोंदणी २०२७ मध्ये संपते. त्यानंतर फिटनेस तपासणी, फेरनोंदणीची फी आणि पर्यावरण कर लागेल व नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांचे होईल.

विम्यात १५०० सीसीवरील गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकानुसार ७,८९७ रुपये अधिक जीएसटी आहे, तो भाग मोठा नाही. खरी अडचण अपघातानंतर कळते. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, रबर-प्लास्टिकवर तर पहिल्यापासूनच ५० टक्के, आणि झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, या वयाच्या गाडीला सहसा मिळत नाही. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असे, धरतात. तुमच्या गाडीची किंमत उतरलेली, पण पार्ट अजून साठ लाखांच्या गाडीचे. एका बाजूचा दिवा, बंपर आणि दोन एअरबॅग एवढ्यातच ती मर्यादा गाठली जाऊ शकते.

आर्वीकर
वरच्या दोघांनी जरा जास्तच घाबरवले आहे. माझ्याकडे अशाच वर्गाची गाडी कित्येक वर्षांपासून आहे. समृद्धी महामार्गावर ती जशी बसून धावते आणि आईची कंबर जशी शाबूत राहते, ते दुसऱ्या गाडीत मिळत नाही. पण खेड्यात ठेवायची तर काही शिस्त पाळावी लागते. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये ठेवलेले डिझेल तिच्या टाकीत कधीही ओतू नये, कारण त्यातले पाणी आणि गाळ इंजेक्टरचे आयुष्य संपवतात. कूलंटमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी घालू नये. सोयाबीनच्या गोदामाशेजारी गाडी उभी केली, तर उंदीर वायरिंग कुरतडणारच, म्हणून आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावे. ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद, असल्यामुळे चारही टायर एकसारखे झिजलेले लागतात, एकच बदलून चालत नाही. आणि वीस इंचाचा टायर तालुक्याला मिळत नाही. विकत घेताना टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आकडे आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. नक्षी कितीही खोल दिसली तरी जुन्या टायरवर समृद्धीच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात चढू नये.

माझा स्वतःचा नियम सांगतो: खरेदीच्या किमतीचा चौथा हिस्सा पहिल्याच वर्षासाठी बाजूला ठेवता येत असेल तरच घ्यावी, आणि तो पैसा कापसाच्या चुकाऱ्यावर अवलंबून नसावा.

दारव्हेकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्यापाऱ्याला फोन केला. सर्व्हिसची जुनी बिले मालकाकडे दिल्लीतच राहिली असे तो म्हणतो, आणि गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजमाप घेऊ देण्यास तयार नाही. “येण्याआधी तासभर कळवा, गाडी सुरू करून ठेवतो,” असे त्याचे उत्तर आहे. चेसिस नंबर मात्र त्याने पाठवला आहे.

गॅरेजवाला, अमरावती
मग ही गाडी सोडा. चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली तर शेवटची नोंद कधीची व किती किलोमीटरची आहे हे बहुधा कळते, तेवढे हवे तर करून पाहा. पण गाडी गरम करून दाखवण्याचा आग्रह धरणाऱ्याशी मी सौदा करणार नाही. तुम्हाला याच वर्गातली गाडी हवी असेल, तर साध्या स्टील स्प्रिंगचे मॉडेल शोधा. काही कंपन्यांनी त्याच पिढीत तसेही मॉडेल विकले आहे आणि दारव्ह्यासारख्या ठिकाणी तेच सोयीचे. माणसे सात आणि रस्ते काळ्या मातीचे, एवढाच विचार असेल तर त्याच पैशांत जुनी फॉर्च्युनर पाहा: लॅडर फ्रेम (ट्रकसारखा खाली वेगळा मजबूत सांगाडा), साध्या स्प्रिंगा, आणि यवतमाळला काम करणारे मिस्त्रीही मिळतील. कुठलीही पसंत पडली तरी बयाणा देण्याआधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारे यंत्र) लावून घ्या. नागपूरला यायचे असेल तर मी स्कॅनर घेऊन येईन.