शब्दचर्चा: धोक्याच्या तिसऱ्या पायरीला काय म्हणावं?

वाटसरू: आमच्या गटातले सात जण फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगला चाललेत. गोंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या खांद्यावर सोडतो, तिथून हद्दीच्या दोरीपलीकडच्या उतारांवर जायचा बेत आहे. त्यांच्यासाठी हिमस्खलनाच्या इशाऱ्यांचं मराठी टिपण करतोय. युरोपात 1993 पासून धोक्याच्या पाच पायऱ्या ठरल्या आहेत. 1 कमी, 2 मध्यम, 4 जास्त, 5 अतिशय जास्त. घोडं अडलंय 3 वर. इंग्रजीत 'कन्सिडरेबल'. 'लक्षणीय' लिहिलं तर एकानं विचारलं, "म्हणजे बघण्यासारखं काही आहे का?" पाचातला तिसरा म्हणजे मधला, म्हणजे चालतंय, असं वाटता कामा नये. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्याचे साधारण 30 टक्के दिवस तीनचे असतात आणि जवळपास निम्मे बळी त्याच दिवसांत जातात. एकट्या माणसाच्या वजनानंही उतारावरचा बर्फ सुटू शकतो. शब्द सुचवा.

ठाणेकरीण: बऱ्यापैकी?

वाटसरू: 'पोहे बऱ्यापैकी झालेत' यातला? नको हो.

माणदेशी: 'चांगलाच धोका'. आमच्याकडं पोरगं चांगलंच आपटलं म्हणतात, त्यात चांगलं काही नसतं.

ठाणेकरीण: बोलताना सूर लावता येतो. कागदावर 'धोका: चांगला' असं छापून आलं की संपलंच!

शब्दवेडा: आधी 'हिमस्खलन' बघा. स्खलन म्हणजे घसरणं. वर्तमानपत्रं सर्रास 'हिमप्रपात' छापतात, आणि मग हिमपात कुठला नि हिमप्रपात कुठला हा घोळ. प्रपात म्हणजे धबधबा, तो शब्द एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमनदीच्या तुटक्या उतारासाठी राखून ठेवावा. आणि टिपणात 'बर्फ' नको, तो फारसी. आपला 'हिम' आहे.

माणदेशी: आपला 'हिम' कधीच 'हिंव' झाला. हिवाळा, हिवताप. माझी आजी "हिंव भरलं" म्हणायची ते थंडी वाजून आल्यावर. पडतो तो बर्फ, गोळेवाला किसतो तोही बर्फच.

शब्दवेडा: म्हणूनच तर अडतं ना! एकाच शब्दात दोन्ही कोंबल्यावर मऊ थर आणि कडक थर वेगळे कसे सांगणार?

कडेकपारी: सांगता येतात की. उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा कोर्स करताना उस्तादांनी आम्हाला उतारावर छातीइतका खड्डा खणायला लावला. वरचा वीतभर थर घट्ट, फावड्यानं कापला तर चौकोनी तुकडा निघत होता. खालचा मुठीत घेतला तर बोटांमधून गळाला. उस्ताद म्हणाले, "नीचे चीनी है." मला एकदम रवाळ तूप आठवलं. तेव्हापासून मी त्याला 'रवाळ बर्फ'च म्हणतो. वरचा थर त्या रव्यावर नुसता ठेवलेला असतो. 30 ते 45 अंशांच्या उतारावर तो एकदम चिरतो आणि अख्खा घसरतो.

ठाणेकरीण: मग वरच्याला 'लादी' म्हणा. बर्फाची लादी आपल्याला माहीत आहे.

कडेकपारी: मासळीबाजारातली लादी टणक असते. हा थर कधी कधी इतका मऊ असतो की पाय रुततो, तरी एकसंध सुटतो. मी 'पापुद्रा' म्हणेन. भाकरीचा कसा, खाली वाफ धरून सुटतो.

शब्दवेडा: पापुद्रा पातळ असतो. इथं मीटरभर जाडीचा थर माणसाला गाडतो!

माणदेशी: आमच्या आईच्या भाकरीचा पापुद्रा बघितला नाहीत तुम्ही.

कडेकपारी: चालताना पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला तर खालचा थर बसला असं समजा आणि त्या उतारावरून बाजूला व्हा. हे टिपणात ठळक लिहा, नावं काहीही ठेवा. आणि गढवालात कुणी "ग्लेशियर आ गया" म्हणालं तर हिमनदी समजू नका. तिकडं हिमस्खलनालाही ग्लेशियरच म्हणतात.

शब्दवेडा: ही तर भाषेची दुर्दशा झाली.

कडेकपारी: त्यांच्या डोक्यावर कोसळतं, त्यांनी नाव ठेवलं.

ठाणेकरीण: मला 'हिमलोट' आवडतो. धुळीचा लोट, पाण्याचा लोट, तसा.

शब्दवेडा: भुकटीसारखा उसळत येतो त्याला शोभेल. पापुद्र्याला नाही.

माणदेशी: म्हणजे पापुद्रा मान्य!

वाटसरू: मंडळी, तिसरी पायरी राहिलीच. उद्या छापायला द्यायचंय. तूर्तास '3: मोठा धोका, मधला समजू नये' असं लिहिलंय.

शब्दवेडा: मग 4 'जास्त' कसा? मोठा मोठा की जास्त मोठा?

ठाणेकरीण: बर्फी मग बर्फावरूनच आली का हो?