घराण्याचा शोध कोठून सुरू करावा: दमाजीरावांपासून की पणजोबांपासून?

दांडियाबाजारकर:
1734 मध्ये दमाजीराव गायकवाडांनी बडोदे घेतले तेव्हा आमचे मूळ पुरुष त्यांच्या पथकात होते, असे आमच्या घरी दर गणपतीत सांगितले जाते. वंशावळीत माझ्यापासून मागे सहा नावे आहेत आणि त्यांत एकाही स्त्रीचे नाव नाही. पणजोबा तिसऱ्या सयाजीरावांच्या काळी खानगी खात्यात (राजवाड्याच्या खासगी कारभाराच्या खात्यात) कारकून होते, एवढे मात्र निश्चित. पितळी डब्यात एक मोडी कागद निघाला आहे. घरात सर्वांना गुजराती उत्तम वाचता येते, मोडी कोणालाच नाही. दमाजीरावांपर्यंतचा दुवा कसा शोधावा?

रावपुऱ्याचे आजोबा:
प्रथम आपण थोडे गणित करावे. एका पिढीला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे धरली, तर आपले सहावे नाव फार तर दुसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1819 ते 1847 च्या दरम्यान जाते. तेथून 1734 पर्यंत आणखी तीन-चार पिढ्या हव्यात. तेव्हा एक तर मधली नावे गळाली आहेत, किंवा पूर्वज बडोद्यात उशिरा आले आणि दमाजीरावांची गोष्ट मागाहून चिकटली. (आमच्याकडेही ती चिकटलेली होती, माझ्या वडिलांना ते शेवटपर्यंत पटले नाही.)

म्हणून सुरुवात पणजोबांपासून करावी. संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि गुजरात राज्य अभिलेखागाराच्या बडोद्यातील कार्यालयात संस्थानी दप्तर आहे. तेथे आडनाव सांगून फारसे काही हाती लागत नाही; खाते, हुद्दा आणि साधारण वर्ष सांगावे. घरात नेमणुकीचा किंवा पेन्शनचा हुकूम असेल तर त्यावरचा जावक क्रमांक आधी टिपून घ्यावा. पुढच्या काळातील पुष्कळ कागद गुजरातीत आहेत, त्यामुळे तेथे आपली अडचण होणार नाही.

मोडीवाचक:
आडनावाविषयी एक भर घालतो. चिटणीस, फडणीस, पोतनीस ही मुळात हुद्द्यांची नावे असल्याने एका भावाचे आडनाव हुद्द्यावरून आणि दुसऱ्याचे गावावरून पडलेले आढळते. जुन्या कागदात तर पुष्कळदा आडनावच नसते, ‘अमुक बिन तमुक’ एवढेच असते. बिन म्हणजे मुलगा, त्यामुळे त्या एका शब्दात दोन पिढ्या मिळतात. मात्र तो बहुधा ‘बि॥’ असा आखडून लिहिलेला असतो आणि नवशिक्याच्या नजरेतून सुटतो. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत, म्हणून नावे घाईने लावू नयेत.

कागदावर ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ अशा धर्तीचे शब्द असतील तर तो अरबी सन होय. दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून 1172. त्यात 599 मिळवले की 1771 येते. हे वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या आरंभापासून धरतात, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेसाठी 600 मिळवावे. कागद सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात छायाचित्र घ्यावे आणि त्याला चिकटपट्टी मुळीच लावू नये.

सिद्धपूरची माहेरवाशीण:
स्त्रियांच्या नावांकडे कोणीच वळले नाही, म्हणून लिहिते. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही आणि प्रपितामही यांचीही नावे घेतली जातात, त्यामुळे ती पुष्कळ घरांत कोठेतरी लिहून ठेवलेली असतात. मातृश्राद्धासाठी सिद्धपूरला जाण्याची चाल आहे आणि सिद्धपूर बडोदे संस्थानातच होते; आपल्या घरचे कोणी तेथे गेले असेल तर पुरोहितांच्या वह्या अवश्य पाहाव्यात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात, पण तेथे मूळ गाव विचारतील. मात्र लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे ही सारी सासरची नावे असतात. माहेरचे नाव शोधायचे तर तिच्या भावांच्या वंशावळीकडे जावे लागते.

दांडियाबाजारकर:
सर्वांचा आभारी आहे. आत्याकडे श्राद्धाच्या नावांची वही खरोखरच निघाली आणि पणजीच्या सासूचे नाव प्रथमच कळले. मोडीवाचकांनी तो कागदही वाचून दिला. त्यात सन नाही, पण ‘बि॥’ आहे, आणि त्याच्या अलीकडचे व पलीकडचे अशी दोन्ही नावे आमच्या सहांपैकी नाहीत. खानगी खात्याच्या कागदांसाठी सोमवारी अभिलेखागारात जात आहे.