सरासरी 40 सेकंदांवर अडकली आहे: आधी अल्गोरिदम वाढवावेत की बोटांचा वेग?

प्रश्न

मी सात महिन्यांपासून तीन बाय तीनचा रुबिक्स क्यूब सोडवते आहे. थराथराने सोडवण्याची प्राथमिक पद्धत सोडून मी सीएफओपी ही चार टप्प्यांची वेगवान पद्धत शिकले, तेव्हा वेळ झपाट्याने कमी झाली; मात्र गेले दोन महिने सरासरी 40 सेकंदांच्या खाली उतरलेली नाही. शेवटच्या थरासाठी मला दोन टप्प्यांच्या ओएलएलचे (वरची बाजू एकरंगी करणे) 10 आणि दोन टप्प्यांच्या पीएलएलचे (त्या थराचे तुकडे योग्य जागी नेणे) 6 अल्गोरिदम, म्हणजे चालींचे ठरलेले क्रम, येतात. पूर्ण ओएलएलचे 57 आणि पीएलएलचे 21 अल्गोरिदम पाठ करणे हाच पुढचा मार्ग आहे, की आधी बोटांचा वेग वाढवावा?

उत्तर 1

माझ्या मते या टप्प्यावर तुमची अडचण या दोन्हींपैकी कोणतीच नाही. तुमच्या पद्धतीने क्यूब साधारण 60 ते 70 चालींत सुटतो. सेकंदाला दोनच चाली केल्या, पण मध्ये कोठेही हात थांबला नाही, तर 60 चाली 30 सेकंदांत पूर्ण होतात, आणि दोनचा वेग तुमच्याकडे आजच असणार. याचा अर्थ उरलेली सेकंदे पुढचा तुकडा शोधण्यात जात आहेत.

हे थांबणे बहुधा एफटूएलमध्ये, म्हणजे कोपऱ्याचा आणि कडेचा तुकडा जोडून चार जोड्या बसवताना होते. जोडी जुळून आली की ती जागेवर बसवण्याच्या शेवटच्या तीन चाली हातांना पाठ असतात, तरीही आपले डोळे त्याच जोडीवर खिळून राहतात. ती बसेपर्यंत पुढच्या जोडीचा निदान एक तुकडा हेरून ठेवणे, यालाच लुक-अहेड म्हणतात. ते अंगवळणी पडावे म्हणून दररोज काही वेळा मुद्दाम इतक्या संथपणे सोडवा, की हात एकदाही थांबणार नाही. त्या वेळी टायमर लावूच नका. मागच्या बाजूच्या जागा आधी भरल्यास मोकळ्या जागा समोर राहतात आणि क्यूब सारखा हातात फिरवावा लागत नाही. मला स्वतःला या संथ सरावाचा जेवढा उपयोग झाला, तेवढा कोणत्याही नव्या अल्गोरिदमचा झाला नाही, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

उत्तर 2

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु पीएलएल पुढे ढकलू नये असे मला वाटते. 21 ही संख्या आवाक्यातली आहे आणि आठवड्याला दोन अल्गोरिदम घेतले तरी उरलेले दोन महिन्यांत सहज पूर्ण होतात. पूर्ण ओएलएल मात्र सरासरी 20 सेकंदांच्या आसपास येईपर्यंत बाजूला ठेवा. त्यातील प्रकार पुष्कळ आहेत आणि एखादा विशिष्ट प्रकार क्वचितच समोर येत असल्याने तो विसरायला होतो.

प्रश्नकर्ती

आपल्या दोघांचीही मनापासून आभारी आहे. सोडवतानाचे चित्रीकरण करून पाहिले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट आढळली: सर्वांत मोठा खंड क्रॉस (पहिल्या बाजूच्या कडांच्या चार तुकड्यांचा अधिक-चिन्हासारखा आकार) झाल्यावर, पहिल्या जोडीच्या आधी पडतो, आणि तो प्रत्येक वेळी तीन ते चार सेकंदांचा असतो.

उत्तर 1

मग सुरुवात तेथूनच करा. कोणताही क्रॉस जास्तीत जास्त आठ चालींत होतो, आणि बहुतेक वेळा त्याहून कमी पुरतात. स्पर्धेत सोडवण्याआधी क्यूबच्या पाहणीसाठी 15 सेकंद मिळतात (त्यानंतर 17 सेकंदांच्या आत सुरुवात केल्यास दोन सेकंदांचा दंड होतो, आणि त्याहून उशीर झाल्यास तो प्रयत्नच बाद ठरतो). सरावात मात्र ही मर्यादा काही दिवस विसरा. हवा तेवढा वेळ घेऊन संपूर्ण क्रॉस मनात ठरवा, डोळे मिटून तो करा आणि मग उघडून तपासा. क्रॉस नेहमी खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे तो होताना वरचा थर डोळ्यांसमोर राहील. डोळे मिटून क्रॉस बिनचूक येऊ लागला की पाहणीतच कोपऱ्याचा एक तुकडा निवडा आणि क्रॉसच्या चालींनी तो कोठे जाऊन पोहोचेल, याचा माग ठेवा. सुरुवातीला तीन-चार चालींचा सोपा क्रॉस असलेले स्क्रॅम्बल (क्यूब विस्कटण्याचे क्रम) निवडले तर हा माग ठेवणे कमी जड जाते.