पालकांच्या हाताला काम द्या

मुलांच्या निसर्ग-निरीक्षणाच्या गटांबद्दल काही जण म्हणतात, 'पालक बाजूला मोबाईल बघत बसतात, त्यापेक्षा त्यांना बोलावूच नये'. हे मत मला पटत नाही. मूल आपल्याकडे आठवड्यातून तासभर येतं, बाकी सगळा वेळ घरच्यांबरोबरच असतं. पालक बसून राहतात, कारण आपण त्यांना काही कामच देत नाही.

आमच्या गटात मूल आणि त्याच्याबरोबरचं मोठं माणूस, दोघांत मिळून एकच भिंग असतं. १० पट मोठं दाखवणारं नको, ते वस्तूपासून जेमतेम अडीच सेंमीवर धरावं लागतं, लहान हातांना जमत नाही. ३ पट पुरतं. मागे एका मुलीने मुंग्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं. मुंग्या तिथे येऊन थबकल्या, मिशा हलवत भरकटल्या. रांग वासाच्या रेघेवरून चालते, ती बोटाने पुसली गेली, हे मी सांगणारच होते. तेवढ्यात तिचे बाबा गुडघ्यांवर बसून तिलाच विचारू लागले, "आता रस्ता कसा सापडेल गं यांना?" मी गप्प राहिले. पुढची वीस मिनिटं दोघं तिथून हलली नाहीत.

आणि हो, भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.