प्रौढांना शिकवणाऱ्या मुलींना ट्रेनिंग कसं द्यायचं?

कोरांटी:
आमच्या गावात उल्लासमधे (सरकारचा प्रौढ साक्षरता कार्यक्रम) 14 बाया नोंदवल्यात, शिकवायला एनएसएसच्या सहा मुली. त्यांचं ट्रेनिंग मीच घेतलं, म्हणजे काय तर प्रवेशिका वाचून दाखवली, चहापोहे झाले, फोटो काढले, संपलं. दुसऱ्या आठवड्यात वर्गाला चारच बाया. एका मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "ती पोरगी अ अननसाचा म्हणाया लावती, नातू हसतोय मला." मुली वाईट नाहीत हो, बालवाडीत जसं पाहिलंय तसंच शिकवतायत. पुढच्या शनिवारी परत एक दिवस मिळालाय, त्यात काय घेऊ?

पाटीपेन्सिल:
पहिला अर्धा तास मुलींनाच निरक्षर करा. फळ्यावर कन्नडमधे तीन शब्द लिहायचे, वाचा म्हणायचं, अडल्या की सगळ्यांसमोर "अगं सोप्पंय की!" म्हणायचं. मग तेच शब्द डाव्या हाताने उतरवायला लावा. नंतर भाषण द्यावं लागत नाही.
आणि अननस सोडा. आधी प्रत्येकीचं स्वतःचं नाव, मग आपलं जुनं ग म भ न. ही अक्षरं वळणाने जवळची, हाताला लवकर बसतात, आणि एक काना आला की मामा, नाग, मान, भाग सुरू. पहिल्याच आठवड्यात काहीतरी वाचता आलं तर बाई परत येते, बाराखडी पाठ होईपर्यंत कोण थांबतंय.

सव्वादीड:
गणिताचं वेगळंच असतं. माझ्या वर्गातल्या भाजीवाल्या काकूंना पाव किलो गवार 20 ला तर पाऊण किलो कितीला विचारा, प्रश्न संपायच्या आत साठ म्हणतात, आणि आमची ताई त्यांना मणी मोजून एक अधिक एक शिकवत होती 😀 त्यांना हिशोब येतो, लिहिता येत नाही, एवढंच. खरी गोची म्हणजे पंचवीस, ऐकताना पाच आधी येतो म्हणून 52 लिहितात. त्यावर दहाच्या दोन नोटा आणि रुपयाची पाच नाणी ठेवायची, नोटा डावीकडे, नाणी उजवीकडे, आणि तस्संच लिहायचं.
मुलींची पण परीक्षा घ्या बरं का, एकोणसाठ म्हणजे 59 का 69 यावर इंग्लिश मीडियमवाल्या हमखास अडखळतात आणि बायांना ते तोंडपाठ असतं. नोटेवर, मोबाइलवर इंग्रजी अंकच ठळक दिसतात, त्यामुळे दोन्ही दाखवा.

गुर्जी_रिटायर्ड:
हे सगळं ठीक, पण उल्लासच्या परीक्षेचं बघा. वाचन, लेखन, संख्याज्ञान 50-50 गुण, प्रत्येकात 33 टक्के लागतात. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या, बाकी वेळ जातो.

पाटीपेन्सिल:
गुर्जी, चारच बाया येतायत, पेपर कोणाकडून सोडवून घेणार? 17 मार्च 2024 ला राज्यातली पहिली परीक्षा झाली तेव्हा आमच्याकडे नुसत्या पेपरावर घोटवलेल्या बाया पास झाल्या, पण बँकेतली स्लिप अजून दुसऱ्याकडूनच भरून घेतात.

ओटीवरची:
आधी चष्मा बघा. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही आणि पोरी म्हणतात यांच्या लक्षात राहत नाही. सुईत दोरा ओवायला द्या, लगेच कळतं.

कोरांटी:
शनिवार झाला. कन्नडवर एक मुलगी इतकी चिडली की खडू टाकून बाहेर गेली, परत आल्यावर तिनेच विचारलं की बायांना आम्ही असंच बोलतो का. पंचवीसचे 52 आमच्याकडेही निघाले, नोटा-नाण्यांनी जमतंय. काल नऊ बाया होत्या. सुईदोरा केला तर नऊपैकी सहा जणींना ओवता आला नाही, त्यात अननसवाल्या मावशीपण. आता स्वस्तात चष्मे कुठे मिळतील ते सांगा कोणीतरी.