फ्लाइट लेट झाली तर पैसे मिळतात हे कुणाला माहीतच नसतं, चूक कुणाची?

खिडकीवाला
परवा युरोपातून निघताना विमान साडेचार तास लेट. काउंटरवरच्या बाईंनी सॉरी म्हणत सँडविचचं कूपन दिलं, अख्खी रांग तेवढ्यावर खूश, मी पण. घरी आल्यावर कळलं की ३५०० किमीच्या वरचा प्रवास आणि पोचायला चार तासांहून जास्त उशीर असेल तर माणशी ६०० युरो मिळू शकतात! युरोपियन युनियनचा २६१ नंबरचा नियम, २००५ पासून लागू. मला तर वाटतं चूक आपलीच आहे, तिकीट जरा स्वस्त मिळावं म्हणून दहा साइट पालथ्या घालतो पण आपला हक्क काय ते बघायला दोन मिनिटं नसतात.

भटकभवानी
अजिबात नाही पटलं. नियम वाचून तरी काय कळणार होतं? त्यात पैशाचं कलम आहे ते फ्लाइट रद्द झाली किंवा चढूच दिलं नाही तर. तीन तासांच्या वर उशीर झाला तरी पैसे द्या हे २००९ मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं. म्हणजे प्रवाशाने आता कोर्टाचे निकाल पण वाचायचे का? उलट दोन तास उशीर झाला की हक्कांची लेखी माहिती प्रत्येकाच्या हातात द्यायची हे कंपनीवर बंधनकारक आहे. तुम्हाला दिला का कागद?

खिडकीवाला
कागद नाही दिला. बोर्ड मात्र होता, चेक-इनच्या रांगेत काढलेल्या माझ्याच सेल्फीत मागे दिसतोय 😅 अर्धा माझ्या डोक्यामागे.

हिशेबी
दुसरी बाजू पण बघा जरा. ४० युरोचं तिकीट आणि भरपाई २५० युरो, हे पैसे कंपनी काय खिशातून देणार आहे? पुढच्या तिकिटात लावणार. सगळ्यांनी मागायला सुरुवात केली तर स्वस्त तिकिटं विसरा. आणि वादळ असेल, कंट्रोल टॉवरने थांबवलं असेल तर कंपनी काय करणार.

भटकभवानी
हिशेबी, वादळात पैसे मिळतच नाहीत हो, फक्त खाणंपिणं आणि गरज पडली तर हॉटेल. गोची तिथेच आहे, कंपन्या सगळंच 'असाधारण परिस्थिती'त ढकलतात. नेहमीचा तांत्रिक बिघाड त्यात बसत नाही हे २००८ लाच ठरलंय, तरी पहिलं उत्तर "टेक्निकल कारण, क्षमस्व". दहातले नऊ जण तिथेच गप्प बसत असतील. उशीर मोजायचा तोसुद्धा चाकं टेकेपर्यंत नाही, दार उघडेपर्यंत, २०१४ चा निकाल. मी एकदा २ तास ५२ मिनिटांवर उतरले आणि दार उघडायला अजून पंधरा मिनिटं लागली, त्या पंधरा मिनिटांनी २५० युरो दिले मला.

लेटलतीफ
पण हे सगळं युरोपातून निघालात तर. बाहेरून युरोपात येताना कंपनी युरोपातली असेल तरच. बाकी बऱ्याच देशांत १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागतो, त्यात उशीर झाला म्हणून ठरलेली रक्कम नाही, नुकसान झालं त्याची बिलं दाखवायची आणि दावा करायचाच तर दोन वर्षांच्या आत. अमेरिकेत तर नुसत्या उशिराला सरकारी भरपाईच नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळं, लोकांच्या लक्षात राहणार कसं?

हिशेबी
तेच म्हणतोय. ज्याला गरज आहे तो शोधेल, बाकीच्यांना कशाला घरबसल्या पैसे.

भटकभवानी
वा! जादा बॅगेचे पैसे कंपनी कशी पटकन कापून घेते, तेव्हा नाही म्हणत "ज्याला गरज आहे तो मागेल". कार्ड नंबर आहेच त्यांच्याकडे, उशीर झाला तर आपोआप जमा करा की.

खिडकीवाला
हे मात्र पटलं. अर्धी चूक माझी असं करतो. आत्ताच त्यांचा फॉर्म उघडला, वर भलं मोठं बटण 'व्हाउचर घ्या' आणि रोख रकमेचा पर्याय खाली बारीक अक्षरात.

लेटलतीफ
त्या बटणाला हात लावू नका. तुम्ही सही करून हो म्हटल्याशिवाय व्हाउचर गळ्यात मारता येत नाही. भरपाई मिळवून देणाऱ्या एजंट कंपन्यांकडे पण नका जाऊ, चांगला मोठा हिस्सा कापतात. आणि मुलांची तिकिटं होती ना? त्यांचेही मिळतात.

खिडकीवाला
होती की, दोघांची! बोर्डिंग पास धाकट्याने विमानं करून उडवलेत, सोफ्याखालून एक निघालाय, बाकीचे शोधतोय.